कॉलेजातल्या लेकरांचे नैराश्य : ओळखायचे कसे, विचारायचे कसे, मदत कुठे मिळते

एखादा मित्र, मैत्रीण किंवा घरातले लेकरू आत्ता, या घडीला जिवाचे बरेवाईट करून घेईल अशी भीती वाटत असेल, तर हा लेख पुढे वाचत बसू नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, हाकेच्या अंतरावरच्या कोणाला तरी बोलावून घ्यावे आणि ११२ किंवा १०८ या क्रमांकावर फोन करावा. धोका इतका जवळ नसेल, पण जाणत्या माणसाशी बोलण्याची गरज असेल, तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांक आहे. तो लागला नाही तर १८००-८९-१४४१६. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. स्वतःच्याच मनात असे विचार येत असतील तर हे क्रमांक तुमच्यासाठी आहेतच, पण काळजीत पडलेला भाऊ, रूम पार्टनर किंवा शिक्षकही तेथे सल्ला विचारू शकतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला आणि त्यांत सर्वाधिक, म्हणजे १,७६४, महाराष्ट्रातले होते. या आकड्यांमागची परिस्थिती मराठवाड्याला ओळखीची आहे. दहावी झाली की लेकरू लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकवणीसाठी रूम करून राहते. आई-वडील गावी असतात, आणि बीडकडच्या अनेक घरांत तर दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेले असतात. रात्रीच्या दोन मिनिटांच्या फोनवर ‘जेवलास का, अभ्यास चालू आहे का’ एवढे विचारले जाते आणि त्याचे उत्तर ‘हो’ असे ठरलेले असते. त्यामुळे मुलात होणारा बदल सर्वांत आधी दिसतो तो रूम पार्टनरला, मेसच्या मावशींना, अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याला. पुढच्या पायऱ्या आधी त्यांच्यासाठी आणि मग आई-वडील व शिक्षकांसाठी लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : बदल ओळखणे

चाचणीत गुण कमी पडले, प्रेमात नकार मिळाला, घरची आठवण आली, तर वाईट वाटतेच. असे वाईट वाटणे दिवसभरात कमीजास्त होते, मित्रांत बसले की थोडे विसरले जाते आणि काही दिवसांत ओसरते. नैराश्य हा आजार म्हणताना डॉक्टर दोन गोष्टी पाहतात : एक म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळपास रोज मन खिन्न असणे, किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस खूप कमी होणे किंवा जाणे, आणि हे किमान दोन आठवडे सलग चालणे, दुसरी म्हणजे त्याच्या जोडीने झोप, भूक, ताकद, एकाग्रता आणि स्वतःविषयीचे मत यांपैकी अनेक गोष्टींवर परिणाम होणे. झोप उडते किंवा दिवसभर झोप येते, डबा तसाच परत जातो, एकच पान चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही, हालचाल मंदावते किंवा उगीच अस्वस्थ येरझारा सुरू होतात, ‘माझ्यामुळे बापाचे पैसे वाया गेले’ अशी अपराधी भावना पाठ सोडत नाही, आणि शेवटी मरणाचे विचार येऊ लागतात.

आपल्याकडे ‘मला नैराश्य आले आहे’ असे कोणी म्हणत नाही. ‘करमत नाही’, ‘मन लागत नाही’, ‘डोके बधिर झाले’, ‘नुसते टेन्शन आहे’, ‘काहीच करू वाटत नाही’ ही त्याची बोली रूपे आहेत. अनेकांचे नैराश्य तर शरीराच्या वाटेने बाहेर येते : सततची डोकेदुखी, छातीत धडधड, पित्त, अंगात कणकण, आणि सगळ्या तपासण्या ठीक येऊनही न जाणारा थकवा. मुलांमध्ये ते रडण्याऐवजी चिडचिडीत, भांडणांत, अचानक सुरू झालेल्या दारूत किंवा रात्रभर मोबाईलमध्ये डोके घालून बसण्यात दिसू शकते, आणि मग आसपासचे लोक त्याला ‘बिघडला’ म्हणून मोकळे होतात. म्हणून एकेका लक्षणाच्या मागे न लागता हे मूल दोन महिन्यांपूर्वी कसे होते आणि आज कसे आहे, याची तुलना करावी. मुळातच अबोल असलेला मुलगा गप्प आहे याला फारसा अर्थ नाही; रूमवर सगळ्यांना हसवणारा गप्प झाला आहे, रोज आंघोळ करणारा तीन-तीन दिवस तशाच कपड्यांत आहे, शिकवणी कधीही न चुकवणारी मुलगी पांघरूण घेऊन पडून आहे, याला मात्र अर्थ आहे.

नऊ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली जगभर वापरली जाते आणि ती मराठीतही उपलब्ध आहे. पीएचक्यू-९ असे तिचे नाव. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला यासाठी प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात. एकूण २७ पैकी दहा किंवा त्याहून अधिक गुण आले तर डॉक्टरांना दाखवणे योग्य समजावे. तिचा उपयोग तापमापकासारखा आहे : ताप आहे एवढे कळते, ताप कशाचा आहे ते कळत नाही. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे आणि त्याचे उत्तर ‘होय’कडे झुकत असेल, तर बाकीची बेरीज कितीही कमी असली तरी ती गंभीर गोष्ट मानावी.

दुसरी पायरी : धोका किती, हे पाहणे

नैराश्य असलेल्या बहुतेकांचा मृत्यू आत्महत्येने होत नाही, आणि आत्महत्येचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला नैराश्यच असते असेही नाही. कोणत्याही एका कारणाकडे, मग तो नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल असो, कर्ज असो की प्रेमभंग असो, बोट दाखवून ‘त्यामुळे झाले’ असे म्हणणे जवळजवळ नेहमीच अपुरे असते. आजार, व्यसन, जुना आघात, एकटेपणा, पैशाची ओढाताण आणि एखादा ताजा अपमान अशा अनेक गोष्टी एकाच वेळी एकत्र येतात.

तरीही काही खुणा इतरांपेक्षा जड आहेत. पूर्वी कधी प्रयत्न झालेला असणे ही सर्वांत जड; ‘तेव्हा नुसते घाबरवायला केले होते’ असे घरच्यांनी सांगितले तरी तिचे वजन कमी होत नाही. त्यानंतर येते मरणाविषयी नेमकेपणाने बोलणे : ‘मी नसलो तर बरे होईल’ येथून सुरुवात होऊन दिवस, जागा, साधन यांचा उल्लेख येऊ लागला तर वेळ हातातून निसटते आहे असे समजावे. स्वतःची आवडती वस्तू वाटून टाकणे, सगळ्यांची माफी मागणे, ‘घरच्यांकडे लक्ष ठेव’ असे मित्राला सांगणे, कित्येक रात्री सलग न झोपणे, दारू वाढणे, आणि फार दिवसांच्या तगमगीनंतर अचानक शांत, हलके वाटू लागणे. ही शेवटची खूण फसवी आहे, कारण आजूबाजूच्यांना वाटते की आता बरे झाले. रॅगिंग, जातीवरून होणारी हेटाळणी, वर्गात सर्वांसमोर काढलेले वाभाडे किंवा खासगी छायाचित्र पसरवण्याची धमकी असे काही घडले असेल, तर बाकीच्या खुणा दिसण्याची वाट पाहू नये.

वर्षातले काही दिवसही अधिक सावध राहण्याचे असतात. बारावीचा आणि प्रवेश परीक्षांचा निकाल, शिष्यवृत्ती न आल्याने थकलेली फी, दुष्काळात हातचे पीक गेल्याचा गावाकडून आलेला फोन, रिपीटर म्हणून, म्हणजे तीच परीक्षा पुन्हा देण्यासाठी, दुसरे वर्ष सुरू होण्याचा आठवडा. निकालानंतर चौकाचौकांत गुणवंतांचे फ्लेक्स लागतात तेव्हा त्यांच्याखालून रोज जाणाऱ्या बाकीच्या हजारो मुलांचा विचार शहराने करायला हवा, असे मला वाटते. तो अजून होताना दिसत नाही.

तिसरी पायरी : स्पष्ट विचारणे

सर्वांत मोठी अडचण येथे येते, कारण ‘आपण विचारले आणि त्याच्या डोक्यात नसलेला विचार घातला तर?’ ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. ती निराधार आहे. आत्महत्येविषयी थेट, शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, हे यावरील संशोधनातून पुरेसे स्पष्ट झाले आहे. उलट आपले ओझे कोणीतरी ओळखले म्हणून बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते.

विचारण्यासाठी दोघेच असाल अशी जागा निवडावी. रूमवर चौघे असतील तर चहाच्या निमित्ताने बाहेर पडावे, कारण चालता चालता, नजरेला नजर न देता बोलणे मुलांना सोपे जाते. आधी डोळ्यांनी पाहिलेले सांगावे, मग प्रश्न विचारावा : ‘भाऊ, दोन आठवडे झाले तू नीट जेवत नाहीस, रात्री तीनला पण जागाच असतोस. काय चाललंय?’ उत्तर ‘काही नाही रे’ असेच येईल. तेथे थांबू नये. थोडा वेळ शांत राहून पुढचा प्रश्न विचारावा : ‘इतका त्रास होतो तेव्हा कधी मरून जावं, जीव द्यावा असं मनात येतं का?’ आडवळणाने, ‘तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?’ असे विचारू नये, कारण त्या प्रश्नाला अपेक्षित उत्तर ‘नाही’ हेच असते आणि तेच मिळते. उत्तर ‘येतं’ असे आले तर विचार किती वेळा येतो, कसे करायचे हे ठरवले आहे का, ते साधन जवळ आहे का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का, हे त्याच शांत आवाजात विचारावे.

त्यानंतर ऐकावे. ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली मुले पाहा’, ‘आई-बापाचा विचार कर’, ‘मर्दासारखा मर्द असून रडतोस’, ‘योगा कर, सकारात्मक राहा’ ही वाक्ये प्रेमापोटी बोलली जातात आणि ऐकणाऱ्याचे तोंड कायमचे बंद करतात. आई-बापाचा विचार तो रात्रंदिवस करतच असतो. त्याच विचाराने तो खचलेला असतो. त्याऐवजी ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, आपण दोघं मिळून कोणाला तरी दाखवू’ एवढे पुरे आहे. एक वचन मात्र देऊ नये. ‘कोणाला सांगू नकोस, शप्पथ घे’ असे म्हटले तर ‘सगळीकडे बोभाटा करणार नाही, पण तुझ्या जिवासाठी एका मोठ्या माणसाला सांगावे लागेल आणि कोणाला सांगायचे ते आपण मिळून ठरवू’ असे उत्तर द्यावे. मैत्री तुटेल या भीतीने गप्प राहिलेल्या रूम पार्टनरवर नंतर जे ओझे राहते, ते रुसलेल्या मित्रापेक्षा फार जड असते.

चौथी पायरी : ती वेळ टाळून नेणे

जीव देण्याची तीव्र ऊर्मी बहुधा फार काळ टिकत नाही. काही मिनिटे, काही तास, आणि मग ती ओसरते. म्हणून त्या वेळेत साधन हाताशी नसणे आणि माणूस जवळ असणे या दोन गोष्टींनी जीव वाचतो. माणूस दुसरे काहीतरी शोधेलच, अडवून काय उपयोग, हा समज चुकीचा आहे. श्रीलंकेत अतिघातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यानंतर तेथील आत्महत्यांचे प्रमाण कितीतरी खाली आले.

मराठवाड्यातील शेतकरी घरांसाठी याचा अर्थ सरळ आहे. फवारणीची औषधे माळवदावर, गोठ्यात किंवा पलंगाखाली ठेवू नयेत. कुलूपबंद पेटीत, शक्यतो राहत्या घरापासून दूर ठेवावीत, किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी, आणि हंगाम संपल्यावर उरलेले ‘पुढच्या वर्षी उपयोगी पडेल’ म्हणून साठवू नये. घरात खचलेले मूल परत आले असेल तर त्याच दिवशी हे करावे. रूमवरही गोळ्यांचा साठा आणि दारू दूर करावी, आणि धोका टळेपर्यंत मित्रांनी पाळीपाळीने सोबत राहावे.

कोणी काही प्यायले किंवा गिळले असल्याची नुसती शंका आली तरी ‘आता बरा दिसतो आहे’ म्हणून थांबू नये, कारण काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो. मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे, दूध किंवा तूप देणे असे घरगुती उपाय करू नयेत. त्याने घशातील द्रव फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. कपड्यांवर सांडले असेल तर कपडे काढून अंग धुवावे, शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवावे, १०८ ला फोन करावा आणि डबा किंवा पाकीट सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांना उपचार लगेच ठरवता येतात.

अशा वेळी पोलीस केसच्या भीतीने लोक मोठे रुग्णालय टाळतात आणि मोलाचे तास घालवतात. कायदा आता बदललेला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा होत नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नालाच गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ सारखा सर्वसाधारण गुन्हाही ठेवलेला नाही. रुग्णालय नियमानुसार नोंद करते, पोलीस जबाबही घेऊ शकतात, परंतु त्यासाठी उपचार थांबत नाहीत.

पाचवी पायरी : डॉक्टरांपर्यंत नेणे

छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करावी. मानसोपचारतज्ज्ञ हे औषधे देऊ शकणारे डॉक्टर असतात. मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. मरणाचे विचार असतील, झोप-भूक पार गेली असेल किंवा भास होत असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. सोबत कोणीतरी जावे, कारण खचलेला विद्यार्थी रांगेतूनच परत फिरतो.

डॉक्टर बहुधा थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ अशा तपासण्या सांगतात, कारण यांतील कमतरताही थकवा आणि उदासी आणते. पूर्वी कधी अनेक दिवस अतिउत्साह, कमी झोप, बेफाम खर्च किंवा मोठमोठ्या गप्पा असा काळ गेला असेल तर तो आवर्जून सांगावा. तो द्विध्रुवी (बायपोलर) आजार असू शकतो आणि त्याची औषधे वेगळी आहेत. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ व अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवते. म्हणून ‘गोळीने काहीच होत नाही’ असे म्हणून पुष्कळ जण नेमक्या चुकीच्या वेळी ती सोडतात. पंचविशीच्या आतील रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात, त्यामुळे तेव्हा सोबत आणि लवकरची फेरतपासणी आवश्यक असते. या गोळ्यांची नशा किंवा व्यसन लागत नाही, पण त्या एकदम बंदही करू नयेत. बरे वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. औषधे सुरुवातीला थोड्या दिवसांचीच घ्यावीत आणि मित्राकडे किंवा घरच्यांकडे ठेवावीत.

घरचे लोक आधी देवऋष्याकडे किंवा दर्ग्यावर नेऊ इच्छितात तेव्हा त्यांच्याशी भांडण्यात वेळ घालवू नये. श्रद्धेला हात न लावता ‘तेही करा, पण उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ’ असे म्हटले तर बहुतेक घरे ऐकतात. मारहाण, उपाशी ठेवणे, बांधून ठेवणे मात्र कोणत्याही नावाखाली चालू देऊ नये.

त्याच भेटीत डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकांच्या मदतीने एक सुरक्षा आराखडा लिहून घ्यावा आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो ठेवावा. माझे विचार बिघडू लागले हे मला कशावरून कळते, एकट्याने काय केले की थोडे बरे वाटते, कोणाजवळ जाऊन बसता येते, कोणत्या तिघांना रात्री दोनलाही फोन करता येतो, १४४१६, जवळच्या रुग्णालयाचे नाव, आणि साधने दूर ठेवण्याची जबाबदारी कोणाची. एवढे एका पानावर मावते.

घरी कळवणे

फोन आईला करायचा की वडिलांना, की समजूतदार मामाला, हे त्या विद्यार्थ्यालाच विचारावे. बोलताना आजाराचे नाव आणि पुढची कृती, दोन्ही सांगावे : ‘काकू, त्याला नैराश्याचा आजार झाला आहे, डॉक्टरांना दाखवलं आहे, तो आत्ता आमच्यासोबत आहे, तुम्ही उद्या या.’ मुलींच्या बाबतीत एक वेगळी भीती असते आणि ती खरी असते : घरी कळले की शिक्षण बंद, आणि वर्षभरात लग्न. त्यामुळे कित्येक जणी मरणप्राय त्रास सोसतात पण घरी सांगत नाहीत. अशा वेळी विश्वासातल्या प्राध्यापिका किंवा डॉक्टरांनी आई-वडिलांशी बोलून हा आजार बरा होतो आणि शिक्षण चालू राहणे हा बरे होण्याचा भाग आहे, हे स्पष्ट सांगावे. लग्नाने नैराश्य बरे होत नाही.

महाविद्यालये आणि शिकवण्यांची जबाबदारी

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असणे अपेक्षित आहे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवायचे आहेत. गुणांनुसार तुकड्या पाडणे आणि सर्वांसमोर अपमान करणे टाळायचे आहे, वसतिगृहात व वर्गांत टेली-मानससह मदतीचे क्रमांक ठळक लावायचे आहेत, आणि शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे आहे. हे निर्देश शिकवणी वर्गांनाही लागू आहेत. प्रवेश घेताना पालकांनी निकालाची टक्केवारी विचारण्याबरोबर ‘तुमचे समुपदेशक कोण, ते कोणत्या दिवशी बसतात’ हेही विचारावे. वर्षातून एकदा मोठा वक्ता आणून दिलेले प्रेरणादायी व्याख्यान ही त्याची भरपाई नव्हे. खचलेल्या मुलाला ते ऐकून आपणच कमी पडतो असे आणखी ठामपणे वाटते.

रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. नेमके तेव्हाच सगळे आपापल्या कामाला लागतात आणि विद्यार्थी त्याच रूमवर, त्याच बुडालेल्या अभ्यासापाशी परततो. परतण्याआधी महाविद्यालयाशी हजेरीची सवलत आणि राहिलेल्या परीक्षांविषयी लेखी बोलणे करून घ्यावे, प्रमाणपत्रावर किती लिहायचे ते डॉक्टरांना विचारावे, पहिला आठवडा अर्धा दिवसच वर्गात बसू द्यावे, फेरतपासणीची तारीख सोबत येणाऱ्या मित्राच्या मोबाईलमध्येही नोंदवावी, आणि ती तारीख चुकली तर त्याच संध्याकाळी कोण फोन करणार, हे आधीच ठरवून ठेवावे.